दोघी एकदम दिसाव्यात म्हणून

मी एक लेन्स बोलतेय. कॅमेरा नव्हे, नुसती लेन्स. फोटो कॅमेरा काढतो असं लोकांना वाटतं, पण समोरचं जग आधी माझ्यातून जातं, मगच त्याच्यापर्यंत पोचतं. आता तर माझ्याजवळ कॅमेराही उरलेला नाही. बेंगळुरूच्या यशवंतपुरातल्या एका फ्लॅटमध्ये, लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात, लोकरीच्या टोप्या आणि जुन्या फायलींच्या मागे मी कालपर्यंत पडून होते. बोलायला वेळ भरपूर होता, ऐकायला कुणी नव्हतं. तुम्ही थांबलात, म्हणून सांगते.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे धूळ नव्हती, आवाज नव्हता, आणि माणसं पांढऱ्या झग्यात तोंड झाकून वावरत. मला शेवटचं तपासलं ते एका बाईनं. भिंतीवर बारीक काळ्या रेघांचा तक्ता होता. तिनं मला त्याच्यासमोर धरलं, मधल्या रेघा पाहिल्या, कोपऱ्यातल्या पाहिल्या आणि मान हलवली. मला पाहून समाधान पावलेला तो पहिला माणूस. तिचं नावही मला ठाऊक नाही. मग खोका, अंधार, जहाज, पुन्हा अंधार. आणि डोळे उघडले ते बेंगळुरूत, चिकपेटेजवळच्या एका गल्लीतल्या दुकानात.

दुकानाचा मालक देवाप्पा. मूळचा बेळगावकडचा. गिऱ्हाइकाच्या तोंडून एक मराठी शब्द जरी निसटला तरी त्याचा चेहरा खुलायचा.

माझ्या शेजारी काचेच्या कपाटात मोठमोठ्या लेन्स होत्या. एक पक्ष्यांचे फोटो काढायची, हाताएवढी लांब. एक बुटकी, चेहरा सुरेख टिपून मागचं सगळं धूसर करणारी. तिला फार मागणी होती. मी मधलीच. अठरा ते एकशे पस्तीस मिलिमीटर, म्हणजे जवळचं रुंद दिसतं आणि लांबचंही बऱ्यापैकी जवळ येतं. सगळं थोडं थोडं जमणाऱ्याकडे लोक सहसा दोनदा बघत नाहीत. आठ महिने मी तिथे होते.

मग एका शनिवारी रघुनंदन आला. चाळिशीला टेकलेला, सडपातळ. पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तो तपासणी विभागात होता. यंत्रातून निघालेले दांडे मायक्रोमीटरनं मोजायचे, केसाइतका फरक असला तरी बाजूला काढायचे. आत येताना दाराशी ठेवलेल्या स्टुलाला तो धडकला. “सॉरी,” असं तो स्टुलालाच म्हणाला. फोनवर बायकोशी बोलत होता, “हो ग निवेदिता, एकच घेतो. दुसरी नाही.”

देवाप्पा लगेच मराठीत शिरला. “सर, एकच पाहिजे तर विचार करून घ्या की. कशासाठी पाहिजे?”

“घरच्यांबरोबर फिरायला जातो, त्यासाठी. आता दोन लेन्स आहेत. एक काढून दुसरी लावेपर्यंत मुलगी पळून गेलेली असते.”

“तेच सांगतो मी सगळ्यांना! सहलीला गेल्यावर नवरा-बायकोचं भांडण कशावरनं होतं? लेन्स बदलण्यावरनं ओ. ती उन्हात उभी, हा पिशवीत डोकं घालून बसलेला.”

त्यानं आधी ती बुटकी दाखवली. रघुनंदननं ती कॅमेऱ्याला लावली, डोळ्याला लावली आणि लगेच परत दिली. “फार कमी दिसतं.” मग देवाप्पानं एक धिप्पाड लेन्स काढली, माझ्या दुप्पट लांब पोचणारी. तिचं वजन हातावर तोलून तो म्हणाला, “ही दिवसभर गळ्यात राहायची नाही. मला गळ्यातून काढायचीच नाहीये.”

“मग स्वल्प थांबा,” म्हणत देवाप्पानं मला काढलं. “ही म्हणजे घरच्या बाईसारखी सर. सगळं करते, कौतुक कुणी करत नाही.”

रघुनंदननं मला लावलं आणि अगदी रुंद करून तो दाराशी जाऊन उभा राहिला. गल्ल्यावरचा देवाप्पा, समोरचं कपाट, डावीकडचं कॅलेंडर, उजवीकडे पिशव्या बघत असलेल्या दोन मुली. तो बघतच राहिला. बटण दाबेना. इतका वेळ माझ्यातून कुणी पाहिलं नव्हतं.

“सर, फोटो काढायचाय की नुसतं बघायचंय?” देवाप्पा हसून म्हणाला.

“दोन्ही,” रघुनंदन म्हणाला. त्यानं मला परत डोळ्याला लावलं. मला वाटलं, त्याला मी आवडले. ते खरं होतं, पण का आवडले ते मला तेव्हा कळलं नाही.

त्याच्या घरी तिघंच. निवेदिता बँकेत होती. बोलणं रोखठोक, हसणं मोठं. मुलगी मनस्विनी पाच वर्षांची, सगळ्यांची मनू. या घराण्याला बेंगळुरूत येऊन किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. मराठी बोलता बोलता ते कन्नडमध्ये जात आणि परत येत, उंबरा ओलांडल्यासारखे. मनू बापाला अण्णा म्हणायची.

पहिली दोन वर्षं आम्ही खूप फिरलो. लालबागेतलं पुष्पप्रदर्शन, नंदीच्या टेकडीवरचं धुकं, श्रीरंगपट्टणची नदी. मी लांबून बगळा जवळ आणला, मनूच्या गालाला चिकटलेला कॉटन कँडीचा धागा टिपला. पण लवकरच एक गोष्ट माझ्या लक्षात आली. रघुनंदन मला फिरवून फिरवून पुन्हा रुंद टोकाला आणायचा आणि तिथेच थांबायचा. फोटो शंभरात एखादा. बाकी नुसतं बघणं. घरीसुद्धा. निवेदिता पोळ्या लाटतेय, मनू शेजारी पिठाचा साप करतेय, आणि हा दाराच्या चौकटीत, मी त्याच्या डोळ्याला.

निवेदिताला ते खटकू लागलं.

“रघू, जेवताना तरी ते खाली ठेव ना.”

“एक मिनिट.”

“तुझं एक मिनिट संपत नाही. आम्ही काय प्रदर्शनात मांडलेल्या आहोत?”

तो मला टेबलावर ठेवायचा, आणि मग समोरची आमटीची वाटी शोधायला त्याचा हात हळूहळू सरकायचा.

त्याचं कारण मला एका गुरुवारी कळलं. घरी त्यानं सांगितलं होतं, सुट्टी घेऊन फोटो काढायला चाललोय. आम्ही गेलो ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे. मी पिशवीत, त्याच्या मांडीवर. मला दिसत काही नव्हतं, पण ऐकू सगळं आलं.

“बाजूची नजर मागच्या वेळेपेक्षा कमी झालीय,” डॉक्टर बाई म्हणाल्या. “समोरचं अजून चांगलं आहे, म्हणून तुमचं काम चालतंय. पण दोन्हीकडून पडदे ओढत आणल्यासारखं हे होत राहणार. गाडी चालवत नाही ना?”

“बंद केली. घरी सांगितलं, मेट्रो सोयीची पडते.”

“घरी अजून खरं सांगितलं नाहीत?”

त्यानं पिशवीची चेन उघडली आणि परत लावली.

“हे आनुवंशिक असू शकतं, हे मी तुम्हाला मागेच सांगितलं होतं. मुलीला एकदा घेऊन या. तपासणी साधी आहे.”

“आणतो,” तो म्हणाला. पिशवीवरचा त्याचा हात इतका घट्ट झाला की माझं रबरी कडं दबलं.

त्यानं आणलं नाही. त्या महिन्यात नाही, त्या वर्षात नाही. मनू जेव्हा जेव्हा काही सांडायची, कशाला तरी अडखळायची, तेव्हा तो मला डोळ्याला लावून तिच्याकडे एकटक बघायचा. त्याला काय बघायचं होतं आणि काय बघायचं नव्हतं, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. आणि मला तोंड नाही. एकाच माणसाचं गुपित इतकं जवळून ठेवणं आणि ज्यांना ते कळायला हवं त्यांच्याकडे रोज काचेतून बघणं, याच्याइतकं एकटेपण दुसरं नसेल.

मनू आठ वर्षांची झाली त्या जानेवारीत आम्ही हेसरघट्ट्याला गेलो. तलावात पाणी थोडंच होतं. पुढे माळ, वाळकं गवत, आणि आभाळ एवढं मोठं की मी रुंद होऊनही पुरेना. निवेदिता खूप दिवसांनी खुशीत होती. डब्यातला चित्रान्न भात संपवून ती गवतात लांब चालत गेली आणि वळून तिनं हात हलवला.

“रघू, हा काढ! हा छान येईल!”

तिनं आपणहून फोटो काढ म्हणण्याला वर्ष लोटलं असेल. रघुनंदननं मला डोळ्याला लावलं. तिचा चेहरा लहान दिसत होता, म्हणून त्यानं माझं कडं फिरवलं. मी लांब झाले, एकशे पस्तीसपर्यंत. निवेदिताचं हसू जवळ आलं, आणि बाकी सगळं माझ्या बाहेर गेलं.

त्याच्या उजव्या हाताला दगडी कट्टा होता, छातीएवढा उंच. मनू त्यावर चढली होती. लहानपणापासूनचा तिचा खेळ: कुठेही चढायचं आणि “अण्णा, झेल!” म्हणून उडी टाकायची. तो मागे न बघताही झेलतो असा तिचा विश्वास होता, कारण पूर्वी तो खरंच झेलायचा.

“अण्णा, झेल!”

तो वळला, पण उशिरा, आणि चुकीच्या बाजूला. मला आवाज ऐकू आला, माती आणि हाडाचा. मी रुंद असते तर माझ्या कडेला तिचे पाय तरी दिसले असते. हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल, मोजदाद नाही.

मनूचा हात मनगटापाशी मोडला होता. निवेदिता धावत आली. तिनं मुलीला उचललं आणि नवऱ्याकडे पाहिलं. “तुझ्या हाताच्या अंतरावर होती ती, रघू! एका हाताच्या! तुला फोटो महत्त्वाचा होता?”

गाडी तिनंच चालवली.  मनू हुंदके देत होती आणि रघुनंदन मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. मी त्याच्या गळ्यातच होते. मला काढायचं भान त्याला नव्हतं.

दवाखान्यात मनूला प्लास्टर घालायला आत नेलं. बाहेरच्या बाकावर दोघं बसले. निवेदिता हळू पण स्पष्ट म्हणाली, “मला आज ती लेन्स फेकून द्यावीशी वाटतेय.”

“निवेदिता, मला ती दिसलीच नाही.”

“कशी दिसेल? डोळ्याला ते लावलं होतंस.”

“नाही. ते नसतं तरी दिसली नसती.” त्यानं आपले दोन्ही तळहात डोळ्यांच्या बाजूंना धरले, घोड्याच्या झापडांसारखे. “एवढंच दिसतं मला. चार वर्षं झाली.”

ती त्याच्याकडे बघत राहिली.  आतून मनूचं रडणं आलं आणि थांबलं.

“चार वर्षं,” ती म्हणाली. “आणि मी म्हणत होते, हा आमच्यापासून लपतोय कॅमेऱ्यामागे.”

“एका वेळी एकच दिसतं ग. तू दिसलीस की मनू नाही, मनू दिसली की तू नाही. या लेन्समधून सगळं लहान होऊन मधे गोळा होतं. हिच्यातून तुम्ही दोघी एकदम दिसता. म्हणून घेतली.”

निवेदितानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. मग तिचा चेहरा बदलला. तिच्या मनात पुढचा प्रश्न आलेला मला दिसला.

“मनूला?”

“माहीत नाही.” त्यानं मान खाली घातली. “तपासायला सांगितलंय. मी नेलं नाही. मला ते कळून घ्यायचंच नव्हतं.”

तिनं त्याला मारलं नाही, ओरडली नाही. ती उठली, दारापर्यंत गेली, परत आली. “सोमवारी जायचं,” ती म्हणाली. “तिघांनी.” मग बाकावर बसून तिनं पदर तोंडावर घेतला. त्यानं हात पुढे केला, पण तिचा खांदा त्याला लगेच सापडला नाही. तिनंच तो हात धरून खांद्यावर ठेवला.

सोमवारी ते गेले. मला घरी ठेवलं होतं. दुपारी कुलूप उघडलं आणि मनू उड्या मारत आत आली, प्लास्टरचा हात गळ्यातल्या झोळीत. “माझे डोळे फस्ट क्लास आहेत!” ती भिंतींना सांगत सुटली. मागून रघुनंदन आला, चपला न काढता खुर्चीत बसला आणि लहान मुलासारखा रडला.

त्यानंतरची दोन वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यांत चांगली. मला टेबलावर जागा मिळाली, ताटांच्या शेजारी. निवेदिता आपली खुर्ची मनूच्या जवळ ओढायची आणि विचारायची, “आलो का दोघी?” तो मला लावून म्हणायचा, “मनूचा कान कापलाय. स्वल्प इकडे.” मग हसणं. कारखान्यातही त्यानं सांगून टाकलं. साहेबांनी त्याला यंत्रांपासून दूर, मालाची बोलणी करायच्या टेबलावर बसवलं. फोनवरची अक्षरं फोनच वाचून दाखवतो, ते वापरायला तो शिकला. पांढरी काठी आणली. आधी लाजला, मग तिच्याशिवाय बाहेर पडेना.

पण डॉक्टर बाई म्हणाल्या होत्या तसे पडदे सरकत राहिले. एका रविवारी सकाळी त्यानं मला डोळ्याला लावलं. समोर दोघी उन्हात अवरेकाईच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यानं मला खाली घेतलं, खिशातून फडकं काढून माझी काच पुसली. परत लावलं. परत पुसलं. तिसऱ्यांदा त्यानं काचेवर फुंकर घातली आणि अगदी हलक्या हातानं, गोल गोल पुसलं.

मी स्वच्छ होते. माझ्यावर धुळीचा कण नव्हता.

त्यालाही ते कळलं असावं. त्यानं झाकण लावलं आणि मला टेबलावर ठेवलं. “अण्णा, आलो का दोघी?” मनूनं विचारलं. “आलात,” तो म्हणाला. निवेदिताचा हात शेंगेवर थांबला.

त्याच आठवड्यात मी कपाटात गेले. वर्षभरानं कॅमेरा बंद पडला, तो कुणीतरी घेऊन गेलं. पावसाळ्यांत कपाटाला ओल आली. माझ्या आतल्या काचेवर कडेकडेनं बुरशी धरली, कोळ्याच्या जाळ्यासारखी, बारीक. आता माझंही कडेचं जग पुसट झालंय.

ते तिघं अजून फिरायला जातात. दार लोटल्याचा आवाज येतो, मग दिवसभर शांतता. संध्याकाळी परतले की ऐकू येतं. मनू आता चौदाची आहे. ती बापाचा दंड धरून चालते आणि सगळं सांगते. “डावीकडे तळं आहे अण्णा. आई पुढे गेलीय, कणीस घेतेय. एक कुत्रा तिच्या मागे लागलाय.” घरी आल्यावर तो तेच सगळं निवेदिताला पुन्हा सांगतो, स्वतः पाहिल्यासारखं, आणि ती ऐकून घेते. त्यांचं माझ्यावाचून अडत नाही. मला याचा आनंदच आहे. पण त्या तिघांच्या गप्पा कपाटाच्या दारामागून ऐकताना, मला कुणी हाक मारेल असं उगाच वाटत राहायचं.

काल मनूनं मला काढलं. तिच्या शाळेत विज्ञानाच्या बाई मुलांना लेन्स उघडून दाखवणार आहेत. आतल्या सगळ्या काचा सुट्या करून टेबलावर ओळीनं मांडायच्या, कुठली काय करते ते सांगायचं. जुनी, बिघडलेली चालेल, असं त्या म्हणाल्या.

“अण्णा, देऊ का?”

“दे,” रघुनंदन म्हणाला. मग मला हातात घेऊन म्हणाला, “हिच्यातून अजून काही दिसतं का ग?”

दुपार होती. मनूनं खिडकीचे पडदे ओढले, मधे एक फट ठेवली. “हात पसर,” ती म्हणाली. मला तिनं फटीसमोर धरलं आणि मागे त्याचा तळहात आणला, अगदी जवळ. पुढेमागे करत करत तिला जागा सापडली.

“पडलं! अण्णा, तुझ्या हातावर रस्ता पडलाय. नाण्याएवढा. उलटा.”

“कुठे?”

“बोटांच्या मुळाशी. नारळाचं झाड आहे. समोरच्यांच्या गच्चीवर निळी चादर वाळतेय. थांब, आई आली. आई रस्ता ओलांडतेय, भाजीची पिशवी घेऊन.”

“कुठे ग?”

“मधल्या बोटाकडे चाललीय. आता पोचली. आता ती तुझ्या बोटावर उभी राहून कुणाशी तरी बोलतेय.”

तो हलला नाही. बोटही हलवलं नाही. मला धरून धरून मनूचा हात भरून आला, तरी तिनं तो खाली घेतला नाही. मग दारावरची घंटा वाजली.

आता मी मनूच्या दप्तरात आहे, जुन्या मोज्यात गुंडाळलेली. उद्या मला उघडतील, आणि मग मी अशी एकत्र पुन्हा नसेन. जाताना तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी सारखं डोळ्यांसमोर काही धरून बसत असेल, तर चिडण्याआधी त्याच्याजवळ जाऊन बसा आणि काय बघतोस म्हणून विचारा. मला तोंड असतं आणि कुणी विचारलं असतं, तर डॉक्टरकडून आलो त्याच दिवशी मी सांगितलं असतं.